हौशी रेडिओ स्पर्धांचे नियम आणि न्याय्यतेचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

दर वर्षी ऑक्टोबर महिन्यातील अखेरच्या पूर्ण सप्ताहान्ताच्या शनिवारी, भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच वाजता, जगभरातील हजारो परवानाधारक हौशी रेडिओचालक आपापल्या यंत्रासमोर बसतात आणि पुढील ४८ तास एकमेकांशी संपर्क साधण्याची धडपड करतात. एका संपर्कात फारसे काही बोलले जात नाही. आपले कॉलसाइन, समोरच्याच्या ध्वनीची प्रत सांगणारे दोन अंक आणि आपल्या विभागाचा क्रमांक, एवढेच. भारतातील चालकाचा विभाग क्रमांक २२ असतो. 'सीक्यू वर्ल्ड वाइड' या नावाने ओळखली जाणारी ही स्पर्धा १९४८ पासून चालत आली आहे आणि नोव्हेंबरच्या अखेरीस तिचाच दुसरा भाग मॉर्स संकेतांद्वारे पार पडतो. या खेळाला मैदान नाही, प्रेक्षक नाहीत, मोठ्या रकमेची बक्षिसे नाहीत. नियम मात्र विस्तृत आहेत, आणि त्या नियमांच्या न्याय्यतेविषयीचा वाद स्पर्धांइतकाच जुना आहे.

प्रस्तुत लेखात या नियमांच्या घडणीचा इतिहास तपासावयाचा आहे. लेखकाची भूमिका प्रारंभीच स्पष्ट करणे इष्ट होईल. या स्पर्धांचे मूळ नियम सर्वांना समान संधी देण्यासाठी रचलेलेच नव्हते. दूरवर पोहोचावे, संदेश अचूक द्यावा-घ्यावा, अपरिचित देशाशी संपर्क साधावा, या हेतूने ते रचले गेले. पुढे त्याच गुणपद्धतीवर 'जगात पहिला कोण' हे ठरू लागले, आणि एका प्रयोजनासाठी घडविलेले माप दुसऱ्याच प्रयोजनासाठी वापरल्याचा परिणाम आजतागायत भोगावा लागत आहे.

संदेशवहनातून स्पर्धेकडे

१९१२ च्या कायद्याने अमेरिकेतील हौशी चालकांना २०० मीटर व त्याहून आखूड तरंगलांबीपुरते मर्यादित केले. या लहरी त्या काळी निरुपयोगी समजल्या जात. १९१४ मध्ये हार्टफर्ड येथील हायरम पर्सी मॅक्सिम यांना अवघ्या तीस मैलांवरील स्प्रिंगफील्डला संदेश पोहोचविता येईना. अखेरीस वाटेतील विंडसर लॉक्स येथील एका हौशी चालकाने तो संदेश घेऊन पुढे दिला. या साध्या प्रसंगातून 'अमेरिकन रेडिओ रिले लीग' ही संस्था जन्माला आली. तिच्या नावातील 'रिले' हा शब्द हातोहात संदेश पुढे सरकविण्याचा निदर्शक आहे.

पुढील दशकात चित्र पालटले. डिसेंबर १९२१ मध्ये लीगने स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे पाठविलेल्या पॉल गॉडली यांनी समुद्रकाठच्या तंबूत बसून अमेरिकी हौशी केंद्रांचे संकेत ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेऑन देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांच्यात अटलांटिकपलीकडचा पहिला दुतर्फा हौशी संपर्क झाला. आखूड लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन महासागर ओलांडतात, हे आता व्यवहारात सिद्ध झाले होते. या पार्श्वभूमीवर १९२७ मध्ये लीगने 'इंटरनॅशनल रिले पार्टी' भरविली. अमेरिका व कॅनडातील चालकांनी परदेशस्थ चालकांना संदेश द्यायचे आणि उलट संदेश घ्यायचे, असे तिचे स्वरूप होते. नावातील 'पार्टी' हा शब्द बोलका आहे. तो मेळावा होता. जिंकणे-हरणे हे त्याचे दुय्यम अंग होते.

१९३० मध्ये 'स्वीपस्टेक्स' ही अमेरिका-कॅनडापुरती स्पर्धा सुरू झाली. तिच्यात आजही प्रत्येक संपर्कात अनुक्रमांक, अग्रक्रमाचे अक्षर, कॉलसाइन, पडताळणीचा अंक आणि प्रादेशिक विभाग अशा पाच बाबी सांगाव्या लागतात. त्या काळच्या तारेच्या मजकुरावरील शिरोलेखाचे हे अवशेष होत. अग्रक्रमाचे अक्षर आता चालकाचा शक्तिगट सांगते, तर शब्दसंख्येच्या पडताळणीची जागा प्रथम परवाना मिळालेल्या वर्षाच्या शेवटच्या दोन अंकांनी घेतली आहे. प्रयोजन संपले तरी रूप टिकते, याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

'देश' कशाला म्हणावे ?

जितक्या अधिक देशांशी संपर्क तितके यश अधिक, हे एकदा ठरल्यावर देश कशाला म्हणावे हा प्रश्न अपरिहार्य होता. १९३५ मध्ये क्लिंटन डिसोटो यांनी लीगच्या 'क्यूएसटी' मासिकातील लेखात त्याचे उत्तर दिले. भौगोलिक किंवा राजकीय दृष्ट्या पृथक असा प्रत्येक प्रदेश स्वतंत्र गणावा, असा त्याचा आशय होता. त्यातूनच 'डीएक्ससीसी' ही यादी उभी राहिली. राजकीय नकाशा आणि ही यादी यांच्यातील अंतर समजण्यासाठी आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. या यादीत भारत एक 'देश' आहे, अंदमान-निकोबार दुसरा आणि लक्षद्वीप तिसरा. डिसेंबर २००४ मध्ये भारतीय हौशी चालकांची एक तुकडी पोर्ट ब्लेअर येथून प्रक्षेपण करीत होती ती याच कारणाने. जगभरातील चालक अंदमानच्या एका संपर्कासाठी ताटकळत होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि तीच तुकडी क्षणार्धात आपत्कालीन संदेशवहनाच्या कामाला लागली. हौशी रेडिओचे मूळ प्रयोजन कोणते, याचे स्मरण त्या दिवशी सर्वांनाच झाले असावे.

'सीक्यू वर्ल्ड वाइड'च्या आयोजकांनी या यादीस युरोपातील आणखी काही प्रदेशांची जोड दिली. त्यामुळे सिसिली, शेटलंड बेटे, तुर्कस्तानचा युरोपीय भाग यांचीही गणना स्वतंत्र होते. प्रत्येक वारंवारता-पट्ट्यावर भेटलेला प्रत्येक नवा देश आणि ४० विभागांपैकी प्रत्येक नवा विभाग हा एक 'गुणक' ठरतो. संपर्कांचे गुण आणि गुणकांची बेरीज यांचा गुणाकार म्हणजे अंतिम गुणसंख्या.

संपर्काचे गुण ठरविण्याची रीत अशी : भिन्न खंडातील केंद्राशी संपर्क झाल्यास ३ गुण, त्याच खंडातील पण अन्य देशाशी १ गुण, स्वतःच्या देशातील केंद्राशी शून्य. उत्तर अमेरिकेतील देशांना आपसातील संपर्कासाठी मात्र १ ऐवजी २ गुण मिळतात. दिसायला हा नियम निर्दोष आहे, कारण तो सर्वांस सारखाच लागू होतो. त्याचे परिणाम मात्र सारखे होत नाहीत. मोरोक्कोतील कॅसाब्लांका आणि स्पेनमधील माद्रिद यांतील अंतर साडेआठशे किलोमीटरांच्या आसपास आहे. तरी एक आफ्रिकेत व दुसरे युरोपात असल्याने या संपर्कास ३ गुण. मुंबई ते टोकियो हे अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर. पण दोन्ही आशियात असल्याने १ गुण. मुंबईच्या नवशिक्याने दिल्लीस साद घातली तर शून्य.

समजा, दोन चालकांनी प्रत्येकी १,००० संपर्क साधले आणि दोघांचे गुणकही १५० आहेत. मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील चालकाचे सर्व संपर्क आफ्रिकेबाहेरचे असतील तर त्याची गुणसंख्या ४,५०,००० होते. मध्य युरोपातील चालकाचे ६०० संपर्क युरोपातील व ४०० बाहेरचे असतील तर ती २,७०,००० भरते. कौशल्य समान, श्रम समान, फळ मात्र दीडपटीहून अधिक भिन्न. कॅनरी बेटे राजकीय दृष्ट्या स्पेनची, पण या नियमाच्या दृष्टीने आफ्रिकेतील. अरुबा व कुरासाव ही बेटे कॅरिबियन समुद्रात, पण गणना दक्षिण अमेरिकेत. तेथून अमेरिकेतील असंख्य चालकांशी होणारा प्रत्येक संपर्क ३ गुणांचा. शेजारच्या बार्बाडोसची गणना उत्तर अमेरिकेत असल्याने तेथे तोच संपर्क २ गुणांचा होतो. म्हणून महत्त्वाकांक्षी चालक सामान बांधून अरुबा, कॅनरी किंवा मोरोक्को गाठतात आणि जागतिक उच्चांकांच्या यादीत हीच नावे पुनःपुन्हा आढळतात.

या व्यवस्थेचे समर्थक म्हणतात की अरुबाला जाण्यास कोणाला मज्जाव आहे ? हे उत्तर तर्कदृष्ट्या बिनतोड आणि व्यवहारदृष्ट्या पोकळ आहे. विमानाचे भाडे, परदेशी परवाना, तेथील सज्ज केंद्राचे भाडे हे सारे ज्याला परवडते त्यालाच हे स्वातंत्र्य आहे. दुसरे समर्थन अधिक वजनदार आहे. स्पर्धेचे निकाल देशवार व विभागवारही प्रसिद्ध होतात. तेव्हा प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याशी तुलना करावी, जगाशी नव्हे. विभाग क्रमांक २२ मधील चालकापुरते बोलायचे तर, या गुणपद्धतीने त्याला दुर्मीळ ठरविले आहे. त्याची साद ऐकताच युरोप-अमेरिकेतील डझनभर चालक एकदम तुटून पडतात, कारण तो त्यांच्यासाठी गुणक आहे. त्याच्याकडून इतरांच्या गुणसंख्येत भर पडते. त्याच्या स्वतःच्या विजयाची वाट मात्र त्याने मोकळी होत नाही.

भूगोलाची भरपाई

ही विषमता कोणाच्या लक्षातच आली नाही, असे नाही. ती दूर करण्याचे निरनिराळे उपाय वेगवेगळ्या स्पर्धांनी योजले. लीगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अमेरिका-कॅनडाने उर्वरित जगाशी आणि उर्वरित जगाने केवळ अमेरिका-कॅनडाशी संपर्क साधायचा असतो. त्यामुळे खंडांच्या सीमांचा प्रश्नच उरत नाही, पण साऱ्या जगाने उत्तर अमेरिकेकडे तोंड करून बसावे, ही अपेक्षा त्यात गृहीत आहे. जर्मन हौशी संस्थेच्या युरोपीय स्पर्धेत युरोपबाहेरील चालक आपल्या पूर्वीच्या संपर्कांची माहिती युरोपीय चालकाला पुन्हा कळवून प्रत्येक नोंदीमागे एक गुण मिळवू शकतो. याच स्पर्धेत ८० मीटरच्या पट्ट्यावरील गुणकांना चौपट, ४० मीटरला तिप्पट आणि त्याहून आखूड लहरींना दुप्पट वजन आहे, कारण लांब लहरींवर दूर पोहोचणे अधिक कष्टाचे असते. जपानी संस्थेची 'ऑल एशियन' स्पर्धा १९६० मध्ये सुरू झाली. तिच्यात चालकाने आपले वय सांगायचे असते. स्त्रियांना मात्र वयाऐवजी 'शून्य-शून्य' सांगण्याची सवलत दिली गेली. न्याय्यतेच्या इतिहासात ही सवलत कोणत्या सदरात नोंदवावी, हे वाचकांनीच ठरवावे.

अंतरावरच गुण द्यावेत, हा उपाय सर्वांत सरळ वाटतो. युरोपातील अतिउच्च वारंवारतेच्या स्पर्धांत प्रतिकिलोमीटर एक गुण देण्याची प्रथा आहे. १९८० मध्ये इंग्लंडमधील मेडनहेड येथील बैठकीत पृथ्वीचे चौकोनांत विभाजन करणारी स्थाननिर्देश-पद्धत स्वीकारली गेली आणि अंतर मोजणे सोपे झाले. १६० मीटरच्या पट्ट्यावरील, स्ट्यू पेरी यांच्या स्मरणार्थ १९९० च्या दशकात सुरू झालेल्या स्पर्धेत दर ५०० किलोमीटरमागे गुण वाढतात आणि अल्पशक्तीच्या चालकाची गुणसंख्या अनेक पटींनी वाढविली जाते. पण अंतर मोजल्याने भूगोल नाहीसा होत नाही. संपर्कासाठी समोर माणूस लागतो. एकट्या अमेरिकेत सात लाखांहून अधिक परवानाधारक आहेत, युरोप व जपान येथेही त्यांची दाटी आहे. हिंदी महासागराभोवती ती नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार ! शिवाय उत्तरेकडील चालकाच्या लहरींना ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्यातून जावे लागते, आणि सुमारे ११ वर्षांच्या सौरडागांच्या चक्रानुसार वरचे पट्टे कधी खुले तर कधी मृतवत असतात. कोणत्या नियमपुस्तकाने याची भरपाई करावी ?

शक्ती, संख्या आणि कायदा

भूगोलापेक्षा प्रक्षेपकाची शक्ती मोजणे सोपे होते, म्हणून वर्गवारीची सुरुवात तेथून झाली. १९३३ पासून होत आलेल्या 'फील्ड डे' या उपक्रमात ५ वॅट किंवा त्याहून कमी शक्तीने, विद्युतजाळ्याच्या मदतीविना, काम करणाऱ्यांची गुणसंख्या पाचपट होते. १०० वॅटपर्यंत दुप्पट. त्यापुढे जशीच्या तशी. इतर स्पर्धांनी गुणाकाराऐवजी स्वतंत्र गट केले : अत्यल्प शक्ती, १०० वॅटपर्यंतची अल्पशक्ती आणि उच्चशक्ती. एकटा चालक, अनेक चालक, एक प्रक्षेपक, अनेक प्रक्षेपक, एकच पट्टा, सर्व पट्टे, असे भेद त्यात मिसळत गेले.

उच्चशक्ती गटातील मर्यादा १,५०० वॅट किंवा आपल्या देशाच्या कायद्याची मर्यादा, यांपैकी जी कमी असेल ती. अमेरिकी चालकास त्याचा कायदा १,५०० वॅटची मुभा देतो. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ ४०० वॅटची मर्यादा होती. ती २०२४ मध्ये १,००० वॅट झाली. भारतात वरच्या श्रेणीच्या परवान्यालाही ४०० वॅटचीच मुभा राहिली. म्हणजे कायदा पाळणारा भारतीय चालक आणि कायदा पाळणारा अमेरिकी चालक एकाच गटात, एकाच शीर्षकाखाली, पावणेचारपट शक्तिभेदाने उभे राहतात. श्रवणाच्या भाषेत हा भेद सहा डेसिबलांहूनही कमी आहे, म्हणजे ध्वनिमापकावरील जेमतेम एक अंक; पण गर्दीत कोणाची साद आधी ऐकू येते, हे पुष्कळदा त्या एका अंकावर ठरते. कायदा मोडणाऱ्यांची गोष्ट निराळी. प्रक्षेपकाची खरी शक्ती दूरवरून मोजण्याचे विश्वसनीय साधन आयोजकांपाशी नाही, आणि तेथे सारी भिस्त चालकाच्या सचोटीवर राहते.

यंत्राची मदत आणि नोंदींची झडती

१९८० च्या दशकात संगणक रेडिओशी जोडले गेले आणि 'डीएक्स क्लस्टर' अस्तित्वात आले. एखादे दुर्मीळ केंद्र कोणत्या वारंवारतेवर आहे, हे एकाने पाहिले की सर्वांना पडद्यावर दिसू लागले. जो चालक आजवर तासन् तास चकती फिरवीत कानाने शोध घेत असे, त्याच्या श्रमाचे मोल एकाएकी घटले. आयोजकांनी साहाय्य घेणाऱ्या एकट्या चालकांसाठी वेगळा गट काढला. २००८ मध्ये पट्ट्यावरील सर्व मॉर्स संकेत एकाच वेळी वाचणारी 'सीडब्ल्यू स्किमर' ही आज्ञावली आली, तेव्हा प्रश्न अधिक सूक्ष्म झाला. येथे दुसऱ्या माणसाची मदत नव्हती. मदत स्वतःच्याच यंत्राची होती. तरीही ती साहाय्यच मानली गेली. लेखकाच्या मते हा निर्णय योग्य होता. ऐकण्याचे कौशल्य हा या खेळाचा गाभा आहे, आणि ते कोणी केले हे पाहणे अगत्याचे आहे; साधन कोणाच्या मालकीचे, हा मुद्दा गौण आहे.

साहाय्य घेऊन विनासाहाय्य गटात नाव नोंदविण्याचा मोह मात्र अनेकांना आवरला नाही. येथे संगणकानेच आयोजकांना हात दिला. कागदी नोंदवह्यांच्या काळात तपासणी नमुन्यादाखल होत असे आणि स्पर्धेनंतर महिनाभराहून अधिक काळ नोंदी 'स्वच्छ' करण्यास मिळे. नोंदी संगणकीय झाल्यावर प्रत्येक संपर्क समोरच्याच्या नोंदीशी ताडून पाहता येऊ लागला. चुकीचे कॉलसाइन लिहिले किंवा समोरच्याच्या नोंदीत संपर्कच नसला, तर गुण जातातच आणि वर दंडही बसतो. नोंदी पाठविण्याची मुदत पाच दिवसांवर आली. क्लस्टरवर एखादे नाव झळकताच मिनिटभरात त्या वारंवारतेवर जाऊन पोहोचण्याची सवय नोंदीतून उघडी पडते. मुख्य स्पर्धांच्या नोंदी प्रसिद्धही होऊ लागल्या, आणि तपासणीचा अधिकार एका अर्थाने प्रत्येक स्पर्धकाकडे आला. आचरणाची न्याय्यता या मार्गाने खूप सुधारली. परिस्थितीची न्याय्यता होती तेथेच राहिली.

स्पर्धेत भाग न घेणाऱ्यांचाही येथे विचार करावयास हवा. १९७९ च्या जागतिक रेडिओ परिषदेने हौशी चालकांना १०, १८ व २४ मेगाहर्ट्झचे नवे पट्टे दिले. त्यांवर स्पर्धा घ्यायच्या नाहीत, हा संकेत तेव्हापासून पाळला गेला आहे. ज्यांना केवळ निवांत गप्पा मारायच्या असतात, त्यांच्यासाठी शनिवार-रविवारी हा आसरा असतो.

समान मैदानाचा प्रयोग

खेळाडूचे कौशल्य आणि जागेचा लाभ यांना वेगळे करण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न १९९० मध्ये सिअॅटल येथे गुडविल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने झाला. दोन-दोन चालकांच्या जोड्या निरनिराळ्या देशांतून, सोव्हिएत संघातूनही, बोलावल्या गेल्या आणि त्यांनी एकाच परिसरातील स्थानिक हौशी चालकांच्या घरांतून स्पर्धा केली. 'वर्ल्ड रेडिओस्पोर्ट टीम चॅम्पियनशिप' असे तिचे नाव. पुढे सॅन फ्रान्सिस्को, स्लोव्हेनिया, फिनलंड, ब्राझील येथे ती भरली. घरे मात्र सारखी नसतात. एक टेकडीवर, दुसरे खोलगटात. म्हणून २०१० मध्ये मॉस्कोजवळ सर्व जोड्यांना उघड्या रानात, तंबूत, सारख्याच अँटेनांखाली बसविण्यात आले.

२०१४ मध्ये अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात हीच पद्धत अधिक काटेकोरपणे राबविली गेली. ५९ जोड्या, ५९ जागा, प्रत्येक ठिकाणी सुमारे ४० फुटी मनोरा व एकाच प्रकारच्या अँटेना, १०० वॅटची मर्यादा, वीज जनित्राची. जमिनीचा उतार व आडोसा तपासून जागा निवडल्या होत्या आणि त्यांचे वाटप चिठ्ठ्या टाकून झाले. प्रत्येक तंबूत एक पंच. कॉलसाइनही प्रारंभाच्या थोडेच आधी बंद लिफाफ्यातून दिले गेले, जेणेकरून जगभरातील मित्रांना आपला माणूस कोणता हे ओळखून त्याला झुकते माप देता येऊ नये. २४ तासांच्या खेळासाठी शेकडो स्वयंसेवक महिनोन् महिने राबले. समानता सहजगत्या उपलब्ध नसते, ती बांधावी लागते आणि तिचा खर्च कोणीतरी सोसावा लागतो, हे येथे डोळ्यांना दिसले. जर्मनीत २०१८ मध्ये आणि साथीमुळे वर्षभर लांबलेल्या २०२३ च्या इटलीतील स्पर्धेतही हाच साचा कायम राहिला.

त्या तंबूपर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न मात्र उरतोच. या चॅम्पियनशिपसाठी जोडीच्या प्रमुखाची निवड आदल्या काही वर्षांतील नेहमीच्या स्पर्धांमधील गुणसंख्येवरून होते. जगाचे विभाग पाडून प्रत्येकाला काही जागा राखून ठेवल्या जातात, म्हणजे प्रत्येकाने आपल्याच विभागातील इतरांशी झुंजावे. तरी त्या विभागाच्या आतही कोणाचे घर समुद्रकाठी असते, कोणाचे गजबजलेल्या शहरातील सदनिकेत, जेथे गच्चीवर तार बांधण्यास सोसायटीची परवानगी मिळविणे हीच पहिली स्पर्धा असते. समान मैदानाचे दार असमान मैदानातूनच उघडते. नागपूर वा पुण्यातील एखादा चालक १०० वॅटच्या यंत्रावर ऑक्टोबरच्या त्या पहाटे साद घालतो, तेव्हा त्याच्या विभागाचा '२२' हा अंक टिपून घेण्यास पलीकडे रांग लागलेली असते, आणि त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत जपानचा प्रत्येक संपर्क एकेका गुणाने जमा होत असतो.